कुर्ल्याची 'पद्मिनी' का थांबली?



कारंजा (घाडगे) हे वर्धा जिल्ह्यातील तालुक्याचे गाव. नागपूरहून अमरावतीकडे जाणारा महामार्ग या गावावरून जातो. (वाशीम जिल्ह्यातील कारंजा (लाड) ते वेगळे बरे का! घोटाळा होऊ नये म्हणूनच दोन्ही गावांच्या नावांपुढे कंसातली नावे लागली आहेत.) समजा, साधारण चाळीस वर्षांपूर्वीच्या एखाद्या मे महिन्यात तुम्ही या रस्त्याच्या कडेला कडुलिंबाच्या सावलीत उभे आहात. भर दुपारची वेळ. विदर्भातले ऊन. पारा ४४-४५ अंशांवर गेलेला. नागपूरकडून एक मोटारगाडी येते, दोन-तीन आचके देते आणि थांबते.

चालक खाली उतरून बॉनेट उघडतो. पण तो पाना-पकड हातात घेत नाही. तो एक फडके पाण्यात भिजवतो, इंजिनाच्या अंगाला बसवलेल्या लहानशा पेट्रोल-पंपावर गुंडाळतो आणि दहा मिनिटे सावलीत बसून राहतो. मग किल्ली फिरवतो. गाडी सुरू!

ही जादू नव्हे, भौतिकशास्त्र आहे. पेट्रोल म्हणजे अनेक द्रवांचे मिश्रण. त्यातील हलके घटक ३५-४० अंश सेल्सियसच्या आसपासच उकळू लागतात. त्या काळच्या बऱ्याच गाड्यांत पेट्रोलची टाकी मागे आणि पंप पुढे, तापलेल्या इंजिनाला चिकटून असे. पंप पेट्रोल ओढून घेई, म्हणजे नळीतला दाब हवेच्या दाबापेक्षा कमी होई; आणि दाब कमी झाला की द्रव आणखी कमी तापमानाला उकळतो, हे तुम्ही शिकला आहातच. नळीत वाफेचे फुगे होत. पंपाला द्रव ढकलता येतो, पण वाफ नुसतीच दबते आणि फुगते. इंजिनाला पेट्रोल मिळेनासे होई. ओल्या फडक्यातले पाणी वाळताना उष्णता शोषून घेई, पंप थंड होई आणि वाफेचे पुन्हा पेट्रोल होई.

अशा रीतीने थांबणाऱ्या आणि पुन्हा सुरू होणाऱ्या गाड्यांत त्या काळी हमखास दिसणारी एक गाडी होती 'प्रीमियर पद्मिनी'. लोक तिला शेवटपर्यंत 'फियाट'च म्हणत राहिले. ती मुंबईत कुर्ल्याच्या कारखान्यात तयार होई. २००० सालाच्या सुमारास तिचे उत्पादन कायमचे थांबले. ते का थांबले? गाडी तर टिकाऊ होती, दुरुस्तीला सोपी होती, लोकांच्या आवडीची होती. मग असे काय झाले, की या वेळी कोणतेच ओले फडके उपयोगी पडले नाही? आज आपण हा प्रश्न एखाद्या प्रयोगासारखा पायरीपायरीने तपासून पाहू.

गाडी इथे आली कशी?

सोलापूरला जन्मलेले उद्योजक वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये 'प्रीमियर ऑटोमोबाइल्स' ही कंपनी स्थापन केली. १९४७ मध्ये कुर्ल्याच्या कारखान्यातून पहिले वाहन बाहेर पडले. सुरुवातीला अमेरिकेतील क्रायस्लर कंपनीच्या गाड्यांचे भाग आणून येथे जोडणी होई. पुढे १९५० च्या दशकाच्या आरंभी इटलीच्या फियाट कंपनीशी करार झाला आणि फियाटच्या लहान गाड्या कुर्ल्यात तयार होऊ लागल्या.

त्याच सुमारास सरकारने एक महत्त्वाचे धोरण ठरवले. परदेशातून सुटे भाग आणून नुसती जोडणी करणाऱ्या कंपन्यांनी एक तर गाडीचे भाग येथेच बनवण्याची योजना द्यावी, नाही तर काम बंद करावे. १९२८ पासून मुंबईत गाड्यांची जोडणी करणाऱ्या जनरल मोटर्सने १९५४ मध्ये आपला कारखाना बंद केला. प्रीमियरने मात्र भाग येथेच बनवण्याचा मार्ग धरला. पत्रा दाबणे, इंजिनाचे ओतकाम करणे, गिअरचे दाते पाडणे ही एकेक कौशल्ये येथील कामगारांनी आणि अभियंत्यांनी आत्मसात केली. त्यांना भाग पुरवणारे लहानमोठे कारखानेही उभे राहिले.

१९६४ मध्ये 'फियाट ११०० डी' ही गाडी कुर्ल्यात बनू लागली. इटलीत ती १९६२ मध्ये निघाली होती. फियाटबरोबरचा करार संपल्यावर १९७० च्या दशकात तिचे नाव आधी 'प्रीमियर प्रेसिडेंट' आणि मग 'प्रीमियर पद्मिनी' असे झाले. नाव चितोडच्या राणीचे, पण गाडी तीच.

इंजिनाचे गणित

तिच्या नावातला '११००' हा आकडा कुठून आला? चला, काढून पाहू. या इंजिनात चार सिलिंडर होते. प्रत्येक सिलिंडरचा आतला व्यास ६८ मिलिमीटर, म्हणजे ६.८ सेंटिमीटर, आणि दट्ट्याची खालीवर होण्याची लांबी ७५ मिलिमीटर, म्हणजे ७.५ सेंटिमीटर. वृत्तचितीच्या घनफळाचे सूत्र तुम्हाला माहीत आहे:

घनफळ = ३.१४ × त्रिज्येचा वर्ग × उंची

त्रिज्या ३.४ सेंटिमीटर घेऊन एका सिलिंडरचे घनफळ सुमारे २७२ घन सेंटिमीटर येते. त्याची चौपट केली की सुमारे १०८९. हेच तिचे '१०८९ सीसी' इंजिन. 'सीसी' म्हणजे घन सेंटिमीटर, दुसरे काही नाही. या इंजिनाची ताकद सुमारे ४० अश्वशक्ती होती. इंजिन पुढे, पण त्याची शक्ती एका लांब दांड्याने मागच्या चाकांकडे नेलेली. गिअरचा दांडा सुकाणूच्या चाकाखाली. पेट्रोल आणि हवा यांचे मिश्रण कार्ब्युरेटर करी. यातला जवळजवळ प्रत्येक भाग डोळ्यांना दिसे आणि हाताने खोलता येई. म्हणूनच लहान गावातला मिस्त्रीसुद्धा ती रस्त्यावर उघडून दुरुस्त करू शके.

पस्तीस वर्षे तीच गाडी का?

आता एक विलक्षण गोष्ट पाहा. इटलीत ११०० या मालिकेतील गाड्यांचे उत्पादन १९६९ मध्ये संपले. तेथे तिची जागा नव्या गाड्यांनी घेतली. आपल्याकडे मात्र ती आणखी तीस वर्षे चालू राहिली. थोडेफार फेरफार झाले, नंतर डिझेल इंजिनाचीही पद्मिनी निघाली. पण मूळ सांगाडा तोच राहिला. असे का व्हावे?

कारण आपल्याकडे गाडी विकण्यासाठी ती सुधारावी लागतच नव्हती. कोणत्या कारखान्याने किती गाड्या बनवायच्या, हे सरकारी परवान्याने ठरे. परदेशी गाड्यांच्या आयातीवर कडक बंधने होती. १९८० साली आपल्या सबंध देशात मिळून सुमारे ३० हजार मोटारगाड्या बनल्या. गाड्या थोड्या आणि घेणारे पुष्कळ. पैसे भरून लोक वर्षानुवर्षे वाट पाहत. शिवाय १९६९ मध्ये सरकारने गाड्यांच्या किमतींवरही नियंत्रण आणले. तेव्हा सुधारणा करून जास्त किंमत घेण्याचीही सोय काही वर्षे नव्हती.

येथे घाईने निष्कर्ष काढू नका. 'बंधने नसती तर बरे झाले असते' असे म्हणणे सोपे आहे. पण बंधने नसती, तर कदाचित आपण भाग बनवायला शिकलोच नसतो आणि नुसती जोडणी करत राहिलो असतो. लहान मूल चालायला लागते तेव्हा आपण त्याला पांगुळगाडा देतो. त्याच्या आधाराने ते पहिली पावले टाकते. पण मूल सात वर्षांचे झाले तरी पांगुळगाडा काढून घेतला नाही, तर काय होईल? त्याला धावता येणार नाही. पांगुळगाडा देणे ही चूक नव्हे. तो कधी काढायचा हे न ठरवणे, ही चूक.

साच्याचे गणित

'मग कंपनीने स्वतःहून नवी गाडी का काढली नाही?' असे तुम्ही विचाराल. १९८५ मध्ये तिने '११८ एनई' नावाची दुसरी एक गाडी काढलीही होती. पण जुनी गाडी पूर्ण बदलणे फार खर्चाचे असते. गाडीचे दार, छत, बॉनेट हे भाग पोलादी पत्रा प्रचंड दाबाच्या यंत्रात साच्यांमध्ये दाबून बनवतात. प्रत्येक भागाचा साचा वेगळा. साचे अतिशय कठीण पोलादाचे, घडवायला महिनोन् महिने लागणारे आणि महाग.

एक काल्पनिक उदाहरण घेऊ. समजा, एका गाडीच्या सर्व साच्यांना १० कोटी रुपये लागले. त्या साच्यांतून १० हजार गाड्या काढल्या, तर प्रत्येक गाडीवर साच्याचा खर्च १० हजार रुपये पडेल. एक लाख गाड्या काढल्या, तर तो फक्त एक हजार रुपये पडेल. म्हणजे थोड्या गाड्या बनवणाऱ्याला साचे बदलणे परवडत नाही. तो जुने साचेच झिजेपर्यंत वापरतो. साचा झिजला की दाराची कड नीट बसत नाही, फटी राहतात, हाताने ठोकून जुळवावे लागते. पुष्कळ गाड्या बनवणाऱ्याला मात्र नवे साचे सहज परवडतात. जो मोठा तो आणखी पुढे जातो, असा हा खेळ आहे.

नवी गाडी येते

१९८३ च्या डिसेंबरमध्ये हरियाणातील गुडगाव येथे जपानच्या सुझुकी कंपनीच्या सहकार्याने 'मारुती ८००' तयार होऊ लागली. त्या दशकाच्या अखेरीस मारुतीच्या कारखान्यातून वर्षाला लाखाहून अधिक वाहने बाहेर पडू लागली. साच्याचे गणित तिच्या बाजूने होते.

दुसरे गणितही तिच्याच बाजूने होते. ते वजनाचे. पद्मिनीचे वजन सुमारे ९०० किलोग्रॅम. मारुतीचे साडेसहाशेच्या आसपास. मारुतीचे इंजिन आडवे बसवलेले होते आणि शक्ती थेट पुढच्या चाकांना दिलेली होती. त्यामुळे मागे जाणारा लांब दांडा आणि मागच्या आसातील जड दातेचक्रे यांची गरजच उरली नाही.

वजनाने काय फरक पडतो? गतिज ऊर्जेचे सूत्र आठवा: ½ × वस्तुमान × वेगाचा वर्ग. गाडी ताशी ६० किलोमीटर, म्हणजे सेकंदाला सुमारे १६.७ मीटर वेगाने चालली आहे. पद्मिनीची गतिज ऊर्जा येते सुमारे १ लाख २५ हजार ज्यूल. मारुतीची येते सुमारे ९० हजार ज्यूल. ही ऊर्जा पेट्रोल जाळूनच मिळवावी लागते, आणि ब्रेक लावला की ती उष्णता होऊन वाया जाते. शहरात दर चौकात थांबा आणि पुन्हा निघा. प्रत्येक वेळी जड गाडीला सुमारे ३५ हजार ज्यूल जादा. वर्षभरात याचे किती लिटर पेट्रोल होत असेल!

१९९१ मध्ये देशाचे औद्योगिक धोरण बदलले आणि १९९३ मध्ये मोटारगाड्यांच्या उत्पादनावरील परवान्याची अट गेली. पांगुळगाडा एकदम निघाला. परदेशी कंपन्या एकामागून एक येऊ लागल्या. १९९८ मध्ये ह्युंदाईची 'सँट्रो' आणि टाटांनी पुण्यात बनवलेली 'इंडिका' या गाड्या आल्या. आता ग्राहकाला वाट पाहण्याची गरज उरली नाही. तो निवड करू लागला.

धुराचा कायदा

तिसरे कारण रसायनशास्त्रातले आहे. पेट्रोल म्हणजे कार्बन आणि हायड्रोजन यांची संयुगे. ती पूर्ण जळली तर कार्बन डायऑक्साइड आणि पाणी तयार होते. पण त्यासाठी एक किलोग्रॅम पेट्रोलला सुमारे १४.७ किलोग्रॅम हवा मिळावी लागते. हवा कमी पडली की विषारी कार्बन मोनॉक्साइड तयार होतो आणि न जळलेले पेट्रोलही धुराबरोबर बाहेर पडते. कार्ब्युरेटर हे साधे उपकरण आहे. थंडीत, उन्हात, चढावर, उतारावर तो हे प्रमाण नेमके राखू शकत नाही.

शिवाय त्या काळी पेट्रोलमध्ये शिशाचे संयुग मिसळत असत. इंजिनात पेट्रोल अवेळी पेटून होणारी ठोक त्यामुळे थांबे. पण हे शिसे धुरातून हवेत आणि हवेतून माणसांच्या रक्तात जाई. लहान मुलांच्या मेंदूला त्याचा विशेष अपाय होतो.

१ एप्रिल १९९५ पासून मुंबई, दिल्ली, कोलकाता व चेन्नई या चार महानगरांत नव्या पेट्रोल गाड्यांना उत्प्रेरक परिवर्तक, म्हणजे 'कॅटलिटिक कन्व्हर्टर', सक्तीचा झाला. यात प्लॅटिनमसारख्या धातूंचा पातळ थर असतो. त्यावरून जाताना विषारी वायूंचे निरुपद्रवी वायूंत रूपांतर होते. शिसे या थरावर बसले की तो निकामी होतो; म्हणून या शहरांत बिनशिशाचे पेट्रोलही मिळू लागले. २००० च्या फेब्रुवारीत शिसेयुक्त पेट्रोल देशभर बंद झाले आणि एप्रिलपासून नव्या गाड्यांना 'युरो १' च्या तोडीचे नियम देशभर लागू झाले. २००१ मध्ये मुंबईत त्याहून कडक नियम आले.

हे नियम नीट पाळायचे तर कार्ब्युरेटर काढून तेथे पेट्रोलचा नेमका फवारा मारणारी यंत्रणा बसवावी लागते. धुरातला ऑक्सिजन मोजणारा संवेदक लागतो. त्याच्याकडून माहिती घेऊन दर क्षणी फवारा कमीजास्त करणारा लहानसा संगणक लागतो. मूळ आराखडा १९३० च्या दशकातला असलेल्या इंजिनाला हे सारे जोडणे अशक्य नव्हते. पण खर्चाचे होते. आणि साच्याचे गणित येथेही लागू पडते. तो खर्च वाटून घ्यायला पुरेशा गाड्याच खपत नव्हत्या.

जाता जाता एक गंमत पाहा. या नव्या यंत्रणेत पंप टाकीतच असतो. तो पेट्रोल ओढत नाही. दाब देऊन पुढे ढकलतो. दाब वाढला की द्रव लवकर उकळत नाही. म्हणून आज मे महिन्यातल्या दुपारीही कारंज्याच्या रस्त्यावर कोणी पंपाला ओले फडके गुंडाळताना दिसत नाही.

शेवट

प्रीमियरने काळाबरोबर जाण्याचा प्रयत्न केला नाही असे नाही. फ्रान्सच्या प्यूजो कंपनीबरोबर कल्याणला एक नवी गाडी काढली, पण तो उपक्रम थोड्याच वर्षांत बंद पडला. फियाटबरोबर पुन्हा हातमिळवणी होऊन १९९६ पासून कुर्ल्यात 'युनो' ही गाडी बनू लागली. पुढे त्या व्यवसायाची सूत्रे फियाटकडेच गेली. जुन्या पद्मिनीसाठी आता जागा उरली नाही. २०००-२००१ च्या सुमारास तिचे उत्पादन संपले. तिच्याबरोबर हजारो कामगारांनी वर्षानुवर्षे हाताने कमावलेले कसबही निरुपयोगी ठरले. हा हिशेब कोणत्याही सूत्रात बसत नाही, पण तो विसरून चालणार नाही.

रस्त्यावरून ती लगेच गेली नाही. मुंबईच्या काळ्या-पिवळ्या टॅक्सीच्या रूपाने ती आणखी वीसेक वर्षे धावत राहिली. शेवटच्या पद्मिनी टॅक्सीची नोंदणी २९ ऑक्टोबर २००३ रोजी ताडदेवच्या परिवहन कार्यालयात झाली होती. टॅक्सीसाठी वयाची मर्यादा वीस वर्षांची. तेव्हा ३० ऑक्टोबर २०२३ पासून मुंबईत पद्मिनी टॅक्सी राहिली नाही. जिच्यामुळे ती मागे पडली, त्या मारुती ८०० चे उत्पादनही २०१४ च्या जानेवारीत थांबले, हे येथे सांगितले पाहिजे. तिच्यावरही हीच पाळी आली.

तर मित्रांनो, पद्मिनी का थांबली? ती मोडली म्हणून नव्हे. इंजिन तेच होते, पत्राही तोच होता. तिच्याभोवतीचे चार आकडे बदलले: वर्षाला बनणाऱ्या गाड्यांची संख्या, गाडीचे वजन, धुरातील विषारी वायूंचे प्रमाण आणि विकत घेणाऱ्यासमोर असलेल्या गाड्यांची संख्या. यातला एखादाच बदलला असता, तर ती कदाचित तग धरून राहिली असती. चारही थोड्याच वर्षांत बदलले, आणि बदलण्याची सवय तिला तीस वर्षांत लागलेली नव्हती.

आज पेट्रोलच्या गाड्यांशेजारी विजेवर चालणाऱ्या गाड्या आल्या आहेत. तुमच्या गावातल्या गॅरेजमध्ये जो मिस्त्री आज इंजिन खोलतो आहे, त्याला उद्या विद्युत मोटार आणि विद्युतघट शिकावे लागतील. ते त्याला कोण शिकवणार? तुमच्यापैकीच कोणीतरी. त्यासाठी आतापासून तयारी करा.

करून पाहा

१. सुई नसलेली प्लॅस्टिकची पिचकारी (सिरिंज) घ्या. शिक्षकांच्या देखरेखीखाली तिच्यात पाव भाग गरम पाणी ओढून घ्या. पाणी ७० अंशांच्या आसपास असावे, उकळते नको. हात भाजू नये म्हणून पिचकारी फडक्यात धरा. तोंड वर करून आतली हवा काढून टाका आणि टोपण घट्ट बसवा. आता दट्ट्या जोराने मागे ओढा. पाण्यात बुडबुडे येतील. दाब कमी झाल्यामुळे पाणी शंभर अंशांच्या आतच उकळले. पेट्रोलच्या नळीत हेच होत असे.

२. मारुती ८०० च्या इंजिनात तीन सिलिंडर होते. व्यास ६८.५ मिलिमीटर आणि दट्ट्याची लांबी ७२ मिलिमीटर. तिचे 'सीसी' काढा. (उत्तर ७९६ च्या जवळ यायला हवे.)

३. मोठ्या माणसांसोबत, रस्त्यापासून सुरक्षित अंतरावर बसून, तासाभरात किती वाहने गेली ते मोजा. पेट्रोल-डिझेलची किती आणि विजेवर चालणारी किती, असा तक्ता करा. तक्त्यावर तारीख घालून तो जपून ठेवा. पुढच्या वर्षी त्याच महिन्यात, त्याच जागी, पुन्हा मोजा. कोणता आकडा बदलला ते पाहा आणि का बदलला ते वर्गात चर्चा करून ठरवा.